भाषाविचार : ‘ओल्ड’ म्हणजे म्हातारा, जुना कीं माजी?

परभाषा शिकणारास अवघड शब्दांपेक्षां सोपे शब्दच अधिक फसवितात. अवघड शब्द आला कीं तो कोश उघडतो. सोपा शब्द मात्र घरचाच समजून बेधडक वापरतो. ‘ओल्ड’ हें इंग्रजी विशेषण तुर्की विद्यार्थ्यास कसें चकवितें, तें आज पाहूं.

तुर्कस्तानांत १९२८ सालीं रोमन लिपी आली. तेव्हांपासून इंग्रजी अक्षरें तेथील मुलांस फारशीं परकीं राहिलीं नाहींत. अडचण आहे ती अर्थाची. तुर्कींत ‘याश’ म्हणजे वय. म्हणून वयस्क मनुष्य ‘याश्ली’, पण जुनी वस्तु ‘एस्की’. आपणही आजोबांस म्हातारे म्हणतों आणि वाड्यास जुना. इंग्रजाचे मात्र आजोबाही ‘ओल्ड’ आणि वाडाही ‘ओल्ड’! इतकेंच नव्हे, तर दोन वर्षांचें तान्हें बाळही ‘टू इयर्स ओल्ड’. तुर्की मनुष्य ‘मी वीस वयांत आहें’ अशा धर्तीवर वय सांगतो; त्यास ही इंग्रजी रचना पाठच करावी लागते.

खरी फसगत पुढेंच आहे. ‘एस्की’चा दुसरा अर्थ ‘पूर्वीचा’ असा होतो. घटस्फोट झालेली तुर्की बाई पहिल्या नवऱ्यास ‘एस्की’ नवरा म्हणते. तिनें तेंच इंग्रजींत ‘ओल्ड हजबंड’ असें उतरविलें, तर ऐकणारा समजेल कीं, नवरा वृद्ध आहे आणि संसार सुखानें चालू आहे! येथें ‘फॉर्मर’ किंवा ‘एक्स’ हाच शब्द हवा. पण ‘माय ओल्ड स्कूल’ म्हणजे आपण पूर्वीं शिकलों ती शाळा. तेथें ‘ओल्ड’ शोभतें. आणि ‘ओल्ड फ्रेंड’ हा म्हाताराही नव्हे, माजीही नव्हे. तो पुष्कळ वर्षांचा स्नेही. ‘एस्की दोस्त दुश्मन ओल्माझ’, जुना दोस्त वैरी होत नाहीं, ही तुर्की म्हण येथें उपयोगी पडते; तींतील दोन शब्द तर आपल्याही ओळखीचे आहेत.

वृद्धास तुर्कींत ‘इह्तियार’ असाही एक शब्द आहे. निवड या अर्थाच्या ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्यापासूनच आपला ‘अखत्यार’ आला. तुर्की खेड्यांत ‘मुहतार’ म्हणजे गांवचा प्रमुख. त्याच्या जोडीस वडीलधाऱ्यांचें मंडळ असतें, त्याच्या नांवांत हाच ‘इह्तियार’ आहे. ‘मुहतार’ आणि आपला ‘मुखत्यार’ हे तर सख्खे भाऊच.

इंग्रजी ‘ओल्ड’मध्यें असा मान आपोआप येत नाहीं. वडीलधाऱ्या पाहुण्यास तोंडावर ‘यू आर ओल्ड’ म्हटलें, तर बोलणाराच्या मनांत आदर असूनही ऐकणाराच्या मनास घाव बसतो. तेथें ‘एल्डर्ली’ हा शब्द अधिक सौम्य. त्याहून बरें म्हणजे वयाचा उल्लेखच टाळावा. थोरल्या भावासाठीं तुर्कींत ‘आबी’ आणि बहिणीसाठीं ‘आब्ला’ असे आपल्या दादा-ताईसारखे शब्द आहेत. इंग्रजींत ‘एल्डर’ जोडूनच काम भागवावें लागतें.

तात्पर्य, विशेषणाचा अर्थ त्याच्या शेजारीं बसलेल्या नामास विचारावा. आपल्या घरच्या मुलांसही हा नियम सांगण्याजोगा आहे. कारण या बाबतींत तुर्की विद्यार्थी आणि मराठी विद्यार्थी एकाच बांकावर बसले आहेत.