हुमणीची पाहणी जमिनीखालीं व्हावी

श्रावण-भाद्रपदांत ऊस अगर भुईमूग ठिकठिकाणीं पिवळा पडूं लागला म्हणजे आपले शेतकरी बंधु पाणी किंवा खत कमी पडलें असें निदान करतात. दोन्ही देऊनहि गुण येत नाहीं, झाड हातानें सहज उपटून येतें, आणि मग मुळांशीं हुमणी सांपडते. तोंपर्यंत अळी तिसऱ्या अवस्थेंत पोंचलेली असते. याच अवस्थेंत ती सर्वांत अधिक खाते व औषधानें मरण्यासहि सर्वांत कठीण असते. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, औषधापूर्वीं मोजणी झाली पाहिजे.

पहिली मोजणी झाडावर. वळवाचा चांगला पाऊस पडला कीं, मे-जूनमध्यें भुंगेरे दिवेलागणीस जमिनींतून निघून कडुनिंब व बाभळीचा पाला खाण्यास जमतात. दर झाडीं सरासरी २० किंवा अधिक भुंगेरे दिसल्यास उपाय सुरू करावा, अशी शिफारस आहे. फांद्या हालवून ते खालीं पाडावे व रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकावे. अंडीं घालण्यापूर्वीं मादी मेली, तर पुढील अळ्याच टळतात.

दुसरी मोजणी जमिनींत. जुलै-ऑगस्टमध्यें शेताचे चार कोपरे, मध्य व झाडांजवळचा बांध येथें एक चौरस मीटर माती फूटभर खोल उकरावी. चंद्रकोरीसारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी सरासरी एक जरी निघाली, तरी धोका समजावा. यांत चार झाडें जातील हें खरें. परंतु चार झाडें राखण्यासाठीं सबंध शेत गमावणें हा कोणता हिशेब?

आमची उमर महसुली दप्तरांत गेली. गांव नमुना बारांत पिकाचें नांव व क्षेत्र लिहितात. मुळांशीं काय आहे, यास तेथें रकाना नाहीं. तो रकाना शेतकऱ्यानें स्वतःच्या वहींत आंखावा: तारीख, गट नंबर, झाडावरील भुंगेरे, खड्ड्यांतील अळ्या. हुमणीची पिढी वर्षांतून एक. त्यामुळें यंदाची नोंद पुढील वर्षाच्या पेरणीस उपयोगी पडते.

मात्र भुंगेऱ्यास हद्दीचे दगड ठाऊक नाहींत. एकानें मोजलें व शेजारी स्वस्थ बसला, तर श्रम वायां जातात. यास्तव मृगापूर्वीं गांवोगांवच्या सभासदांनीं एकत्र बसून झाडें वांटून घ्यावीं, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.