सहा तासांचा अवधी

जन्मताच जे मूल रडत नाही, त्याच्या मेंदूत नेमके काय घडत असते, याचे उत्तर वैद्यकाला दीर्घकाळ देता येत नव्हते. ही कोंडी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ऑस्मंड रेनॉल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली फोडली. अर्भकाला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून, मेंदूतील फॉस्फरसच्या अणुकेंद्रांकडून येणारे रेडिओ-संकेत त्यांनी टिपले. ना छेद, ना टोचणी, ना क्ष-किरण! त्या संकेतांच्या वर्णपटावरून ऊर्जा साठविणारे फॉस्फोक्रिएटिन किती आणि सुटे फॉस्फेट किती, यांचे गुणोत्तर काढता आले.

या मोजमापाने एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. जन्मवेळी गुदमरलेल्या कित्येक बालकांमध्ये हे गुणोत्तर पहिल्या दिवशी जवळजवळ प्राकृत असे. ते ढासळे ते त्यानंतर. म्हणजे घात जन्मक्षणीच पुरा झालेला नसतो. मध्ये काही तासांचा अवधी असतो. हा अवधी साधण्यासाठीच बालकाचे शरीर थंड करण्याचा उपचार पुढे आला. जन्मापासून सहा तासांच्या आत आरंभ करून ७२ तास शरीराचे तापमान ३३.५ अंश सेल्सियसवर ठेवल्यास मृत्यू वा मध्यम ते गंभीर अपंगत्वाचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर येते, असे अमेरिकेतील २००५ सालच्या एका चाचणीत दिसले.

परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला, तो नेमका उलटा होता. थंड केलेल्या बालकांपैकी ४२ टक्के दगावली. न केलेल्यांपैकी ३१ टक्के. येथील आघात प्रसूतीच्या पुष्कळ आधीपासून रेंगाळत आलेला असावा आणि म्हणून तो अवधी उपचारापूर्वीच सरलेला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. उपचार परदेशातून आणता येतो. निदान मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. असली महागडी यंत्रे गरीब देशाला कशासाठी, त्यापेक्षा दाई आणि परिचारिका नेमाव्यात, असा आक्षेप घेतला जाईल. दाई-परिचारिका हव्यातच, किंबहुना त्या आधी हव्यात. पण घात केव्हा होतो हे ठाऊक नसेल, तर त्यांनी गर्भवतीवर नजर तरी कोणत्या घटकेला ठेवावी? मोजमाप ही श्रीमंतांची चैन नव्हे. ज्यांना चुकीचा उपचार परवडत नाही, त्यांना ते अधिक आवश्यक आहे.