आकडेमोड : आधी मर्यादा, मग सूत्र

मंडळी, बहरीनमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही, तेव्हा पगारपत्रकाच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, असं पुष्कळांना वाटतं. पण सनद काय किंवा मनामा काय, नोकरदाराच्या पगारातून बेकारी विम्याचा 1 टक्का कापला जातोच. ही कपात महिन्याला 4,000 दिनारपर्यंतच्याच वेतनावर होते. वरच्या रकमेवर काही नाही.

आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून उदाहरण पाण्याच्या टाकीचं. पाणी कितीही चढवा, ओव्हरफ्लोच्या पाइपापुढे पातळी जात नाही. एक्सेलमध्ये हे काम 'मिन' करतं, म्हणजे दोनपैकी लहान आकडा उचलतं. बी2 मध्ये पगार असेल तर सूत्र असं: =मिन(बी2,4000)*1% (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) पगार 5,200 दिनार असेल तर कपात 52 नव्हे, 40 दिनार.

वरची मर्यादा म्हटलं की हात आपोआप 'मॅक्स'कडे जातो आणि तिथेच घात होतो. 'मॅक्स' मोठा आकडा उचलतं. मग 450 दिनारवाल्या फोरमनचे साडेचार दिनारऐवजी 40 दिनार कापले जातील! मोठ्या पगाराला फारसं जाणवणार नाही, पण त्याच्या घरचा महिन्याचा किराणा गेला. म्हणून सूत्र लिहिलं की एक लहान, एक मोठा आणि एक बरोबर 4,000 चा पगार घालून पाहावा. आणखी एक: दिनारचे 1,000 फिल्स होतात, तेव्हा रुपयांच्या सवयीने दोन दशांशांवर थांबू नये. 437.500 चा 1 टक्का 4.375 होतो, 4.38 नाही.

आता देशोदेशीच्या तऱ्हा पाहा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची मर्यादा महिन्याची नसून वर्षाची आहे. 2025 साली ती 1,76,100 डॉलर होती. महिना 15,000 मिळवणाऱ्याचे नोव्हेंबरअखेर 1,65,000 होतात, म्हणून डिसेंबरात फक्त 11,100 वर कपात. तिथे सूत्र हवं =मॅक्स(0,मिन(या महिन्याचा पगार, मर्यादा-आधीची बेरीज)). मर्यादा संपल्यावर कपात उणे होऊ नये, एवढ्यासाठी बाहेरचं 'मॅक्स'.

आपल्या महाराष्ट्रात व्यवसाय कराची गंमत वेगळीच. घटनेच्या 276 व्या कलमाने मर्यादा घातली आहे ती पगारावर नाही, करावर: वर्षाला 2,500 रुपये. म्हणून वरच्या टप्प्यातल्यांचे अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात. फेब्रुवारीत शंभर जास्त का, याचं उत्तर एवढंच!

तेव्हा सूत्राआधी विचारायचं ते हे: मर्यादा पगारावर की करावर, महिन्याची की वर्षाची? याचं उत्तर चुकलं तर संगणक चुकीचं गणितही बिनचूक करून देतो. आणि 4,000 हा आकडा सूत्रात कोंबू नका. वेगळ्या चौकटीत ठेवा, शेजारी लागू झाल्याची तारीख लिहा आणि सूत्रात त्या चौकटीला डॉलरचं चिन्ह लावा, म्हणजे सूत्र खाली ओढताना ती सरकणार नाही. नियम बदलला की एकच चौकट बदलायची.

या महिन्याची पगाराची पावती हातात आली की हे गणित एकदा मांडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि शेजारच्या एखाद्या कामगारदादाला ते जमत नसेल, तर त्याचीही पावती पाहून द्या.