रंग पोटात घेणारा रोलर

दिवाळी सरली, भाताची मळणी आटोपली आणि आगमनकाळाची चाहूल लागली, की आमच्या खेड्यांतील ख्रिस्ती घराघरांतून रंगसफेदीचा विषय निघू लागतो. नाताळपूर्वी भिंती उजळाव्यात, निदान आल्तारामागची भिंत तरी डागरहित असावी, अशी प्रत्येक गृहिणीची इच्छा असते, आणि ती सर्वथा योग्य आहे. पूर्वी चुन्याची बादली आणि कुंचा एवढ्यावर हे काम भागत असे. आता गोव्यात, पुण्यात किंवा आखाती देशांत नोकरीस असलेली मुले सुट्टीवर येताना नवनवी साधने घेऊन येतात. त्यांपैकीच एक म्हणजे आपल्या दांड्यातच रंग साठवून ठेवणारा रोलर. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. कारण विषय दिसावयास लहान असला, तरी त्यात घरच्या माणसांच्या जिवाचा, आरोग्याचा आणि कष्टाच्या पैशाचा प्रश्न गुंतलेला आहे.

साधा रोलर आता बहुतेकांच्या परिचयाचा आहे. कॅनडातील टोरांटो शहराचे नॉर्मन ब्रेकी यांनी तो १९४० च्या सुमारास तयार केला असे सामान्यतः मानले जाते. साधा रोलर वापरणाऱ्यास पसरट ट्रेमध्ये रंग ओतून घ्यावा लागतो, दर दोन-चार फेऱ्यांनंतर खाली वाकून रोलर भिजवावा लागतो, आणि थेंब गळू न देता तो पुन्हा भिंतीपर्यंत न्यावा लागतो. नव्या साधनात ही ये-जा वाचविलेली आहे. त्याचा दांडा म्हणजे एक पोकळ नळी असते आणि तिच्या आत एक दट्ट्या असतो. नळीचे तोंड रंगाच्या डब्याला जोडून दट्ट्या मागे ओढला, की इंजेक्शनच्या पिचकारीत औषध चढावे तसा रंग नळीत चढतो. मग दट्ट्या हळूहळू पुढे सारावयाचा, म्हणजे रंग रोलरच्या गाभ्यात उतरतो आणि गाभ्याच्या बारीक छिद्रांतून बाहेरच्या लोकरीसारख्या वेष्टनात झिरपतो. एका भरणीत साधारणतः अर्धा लिटर किंवा त्याहून थोडा अधिक रंग मावतो.

या साधनाचा खरा गुण कोणता? काम झटपट होते, असे विकणारे सांगतात. आमच्या मते त्याहून मोठा गुण असा, की लांब दांड्यामुळे माणसाला जमिनीवर उभे राहून वरपर्यंत पोहोचता येते. सणाच्या आधी घाईघाईने टेबलावर स्टूल आणि स्टुलावर पाट ठेवून, एका हाती रंगाचा डबा आणि दुसऱ्या हाती ब्रश घेऊन वर चढणारे घरधनी आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा ठिकाणाहून पडून माकडहाड किंवा खुबा मोडला, तर नाताळ इस्पितळात आणि पुढचे कित्येक महिने खाटेवर जातात. ज्या घरी मुले परगावी आहेत आणि मागे केवळ वृद्ध आईवडील उरले आहेत, तेथे तर हा विचार प्रथम करावयास हवा. शिडीवरच्या फेऱ्या ज्यामुळे कमी होतात, असे कोणतेही साधन आम्ही स्वागतार्ह मानतो.

परंतु त्याच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. अर्धा लिटर इमल्शन रंगाचे वजन सहाशे-सातशे ग्रॅम भरते. त्यात दांड्याचे वजन मिळविले आणि हात डोक्यावर धरले, की थोड्याच वेळात खांदे भरून येतात. म्हणून छताचे काम थांबत थांबत, आळीपाळीने करावे. कोपरे, खिडक्यांच्या कडा, दिव्याच्या बटणांभोवतालची जागा येथे कोणताही रोलर पोहोचत नाही. तेथे लहान ब्रशच हवा. घट्ट तैलरंग आणि चुना या नळीत कधीही घालू नयेत. चुन्याचे कण छिद्रांत अडकून ते साधन कायमचे निकामी होते. मंगळुरी कौलांखालचे वासे आणि रिपा रंगवण्यासही ते निरुपयोगी आहे. सपाट गिलाव्याच्या मोठ्या भिंती आणि स्लॅबचे छत, एवढेच त्याचे खरे क्षेत्र.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. हे साधन वाकण्याचे आणि चढण्याचे कष्ट वाचविते; भिंत खरवडण्याचे आणि ती सुकू देण्याचे काम मात्र ते करीत नाही. हातात नवे यंत्र आले, की ते ताबडतोब चालवून पाहण्याचा मोह होतो, आणि कालच्या पोपड्यांवरच आजचा रंग चढतो. अशी भिंत नाताळच्या रात्री सुंदर दिसते आणि पुढच्या आषाढात सोललेल्या कांद्यासारखी सुटू लागते.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतींविषयी एक नियम आहे. तो आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच लक्षपूर्वक वाचला असेल. एखाद्या घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसू लागले, तर घरमालकाने याजकाला जाऊन कळवावे. याजकाने प्रथम घर रिकामे करवून घ्यावे, मग आत जाऊन भिंती पाहाव्यात आणि घर सात दिवस बंद ठेवावे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावेत, घर आतून सर्व बाजूंनी खरवडावे, दुसरे दगड बसवावेत आणि नव्याने गिलावा करावा. इतके करूनही चट्टा परत आला, तर ते घर पाडावे. या संपूर्ण विधीत चट्ट्यावर वरून पांढरा हात फिरवून तो झाकण्याची मुभा कोठेही दिलेली नाही. आज धर्मगुरूला भिंती तपासण्याचे काम उरलेले नाही, आणि घर पाडण्यासही आम्ही कोणास सांगणार नाही. तथापि त्या नियमातील क्रम अगदी शहाणपणाचा आहे: आधी पाहणे, मग थांबणे, मग खरवडणे, आणि सर्वांत शेवटी लेप.

आमच्या सह्याद्रीलगतच्या भागांत पाऊस जबर असतो. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचते, जांभ्या दगडातून ते वर चढते, आणि भिंतीच्या तळाशी लोणा फुटतो. कधी एखादे कौल सरकलेले असते, कधी मोरीचा नळ भिंतीच्या आत झिरपत असतो. ओल कोठून येते हे शोधल्याविना रंग लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. अशा भिंतीवरील बुरशीमुळे लहान मुलांचा खोकला आणि म्हाताऱ्यांचा दमा बळावतो, हे विशेष लक्षात असू द्यावे. एक सोपी परीक्षा आहे. एक फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक दिवसाने पाहावा. भिंतीच्या बाजूने घाम धरला असेल तर ओल भिंतीतच आहे, असे समजून रंगाचा बेत पुढे ढकलावा. बाहेरच्या बाजूने पाणी दिसले तर खोलीतील हवा दमट आहे; खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर त्यालाही सुमारे चार आठवड्यांचा अवधी द्यावा.

दुसरी परीक्षा तळहाताची. भिंतीवरून हात फिरवला असता तो पांढरा झाला, तर खाली जुना चुना भुकटी होऊन बसला आहे. त्यावर इमल्शन रंग धरत नाही. पत्र्याने तो खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, प्रायमरचा एक हात देऊन मगच रंग लावावा. आणि भिंत मातीची किंवा सदैव दमट राहणारी असेल, तर आमचा सल्ला असा, की रोलरचा नाद सोडून चुन्याकडेच परतावे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. तो हवेतील कर्बवायू शोषून घेऊन पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, आणि आतली ओल अडवून धरीत नाही. मात्र भिजवलेला चुना डोळ्यांना अत्यंत घातक असतो. तो लावताना मुलांना दूर ठेवावे, आणि चुकून डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगाविषयीही एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. पूर्वीच्या कित्येक रंगांत शिसे असे, आणि शिशाची धूळ लहान बालकांच्या मेंदूस अपाय करते. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम प्रसिद्ध करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असे ठरविले, आणि वर्षभरानंतर ते नियम लागू झाले. म्हणून नवा डबा घेताना त्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचून घ्यावा. जुना तैलरंग कोरडा घासू नये. पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासावा, गाळ पुसून कागदात गुंडाळून बांधावा, आणि त्या वेळी गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले त्या खोलीत नसावीत.

आता हिशोब. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच असेल, तर चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता ४०० धरू. रंगाच्या डब्यावर एका लिटरला १०० चौरस फूट असे लिहिलेले असेल, तर एका हाताला ४ लिटर, दोन हातांना ८ लिटर. म्हणजे अर्धा लिटर मावणारी नळी एका हातासाठी आठ वेळा भरावी लागेल. हा हिशोब दुकानात जाण्यापूर्वी घरीच कागदावर मांडावा, म्हणजे जास्तीचा डबा पदरी पडत नाही. रंग आधी गाळून घ्यावा. कारण सायीचा एखादा तुकडाही नळीचे तोंड बंद करू शकतो. पहिल्या भरणीच्या वेळी वेष्टन पुरते भिजेपर्यंत दट्ट्या सावकाश सारावा, आणि पुढेही रोलर कोरडा वाटू लागला तरच किंचित दाबावा. घाईने दाबणाऱ्याच्या कपाळावर रंगाचे ओघळ आलेच म्हणून समजावे. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच, डब्यावर सांगितलेला अवधी पाळून, दुसरा हात द्यावा.

काम संपले म्हणजे या साधनाची खरी कसोटी सुरू होते. साधा रोलर दोन बादल्यांत धुऊन निघतो. याची नळी, दट्ट्या, गाभा आणि वेष्टन ही सर्व सुटी करून त्याच संध्याकाळी धुवावी लागतात. एक रात्र जरी रंग आत वाळला, तरी पुढच्या वर्षी दट्ट्या हलणार नाही. नळीत उरलेला रंग आधी डब्यात परत ढकलावा. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात न ओतता, विहिरीपासून दूर खड्डा करून त्यात सोडावे. एखादीच लहान खोली रंगवावयाची असेल, तर एवढ्या धुण्याधाण्यापेक्षा साधा रोलर आणि त्याला बांधलेली एक लांब काठी अधिक सोयीची, हे आम्ही स्पष्ट सांगतो. वाकण्याचे कष्ट काठी वाचवीत नाही. परंतु शिडीचा धोका तीही टाळते.

आणि म्हणूनच हे साधन एकट्या घराने विकत घ्यावे, असे आम्हांस वाटत नाही. वर्षातून दोन दिवस चालणारी वस्तू उरलेले तीनशेत्रेसष्ट दिवस माळ्यावर पडून राहते. वाड्यातील पाच-सहा घरांनी वर्गणी काढून एकच घ्यावे, पाळीपाळीने वापरावे, आणि धुऊन स्वच्छ केल्याविना ते शेजारच्या घरी देऊ नये, एवढा एकच नियम ठेवावा. पहिली पाळी कोणाची? ज्या घरी शिडी चढणारा कोणी उरलेला नाही, त्या विधवेच्या किंवा वृद्ध दांपत्याच्या घराची. वाड्यातील तरुणांनी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तेथे जाऊन सामान बाहेर काढावे, भिंती पाहाव्यात, पुढच्या आठवड्यात खरवडून ठेवाव्यात. मग वरून रोलर फिरवणे हे दोन तासांचे काम आहे. जे घर रंगाऱ्याला बोलावू शकते, त्याने खुशाल बोलवावे आणि त्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. त्याच्या घरीही नाताळ किंवा दुसरा एखादा सण असतोच. मात्र भिंतींसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. गोठ्यात जन्मलेल्या बाळाला इमल्शनची अपेक्षा नाही.

तीन राजांच्या सणाच्या सुमारास घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही दारी येतो, तेव्हा काही माता नव्या रंगाच्या अभावी संकोचून उभ्या राहतात. त्यांनी संकोचू नये. भिंत जुनी पण कोरडी असावी, घरात कोणी पडून जायबंदी झालेले नसावे, आणि शेजारच्या म्हातारीची भिंतही आपल्याइतकीच स्वच्छ असावी. पवित्र पाण्याचे थेंब अशा भिंतीवर शिंपडताना धर्मगुरूला मोठा आनंद होतो. आगमनकाळाला चार आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात भिंतीवरून नुसता तळहात फिरवून पाहावा. डबा उघडण्याची घाई करू नये.