"बाळ कमी फिरतंय" असं ती म्हणाली, तर सकाळची वाट बघू नका

आठवा-नववा महिना लागलेली बाई जेव्हा म्हणते, "आज बाळ नेहमीसारखं फिरत नाहीये," तेव्हा आपल्याकडे तिला ठरलेली चार उत्तरं मिळतात. "काहीतरी गोड खा, फिरेल." "दिवस भरत आले की जागा पुरत नाही, मग कमीच हलतं." "परवाच सोनोग्राफी झाली ना, सगळं चांगलं होतं." आणि चौथं दवाखान्याच्या फोनवरून, "डॉक्टर नाहीत आता, सकाळी ओपीडीला या."

ही उत्तरं देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पोरगी घाबरू नये एवढंच त्यांना वाटतं. पण या चारही उत्तरांनी एकच गोष्ट होते, वेळ जातो. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितोय. पुरुष मंडळींनी तर नक्कीच वाचा, कारण गाडीची चावी बहुतेक घरांत अजून आपल्याच खिशात असते.

आधी समज-गैरसमज. दिवस भरत आले की हालचालीची तऱ्हा बदलते हे खरं आहे. लाथा, ढुसण्या कमी जाणवतात. वळणं, ताणणं, पोट एका बाजूला फुगणं जास्त जाणवतं. पण जागा पुरत नाही म्हणून बाळ थंडावतं, हे खरं नाही. कळा सुरू होईपर्यंत बाळ हलत राहायला हवं. पोटातलं बाळ झोपतंही, साधारण २० ते ४० मिनिटं. दीड तासाच्या वर क्वचितच. त्यामुळे थोडा वेळ शांतता म्हणजे लगेच संकट नव्हे. पण दिवसभराचा नेहमीचा रिवाज मोडला, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

याचं कारण साधं आहे. बाळाला रक्त आणि ऑक्सिजन वारेतून मिळतो. आईचा रक्तदाब वाढलेला असेल, साखर असेल, वार नीट काम करत नसेल, बाळाची वाढ खुंटली असेल, तर पुरवठा अपुरा पडू शकतो. मग बाळ शक्ती वाचवायला लागतं आणि हालचाल कमी करतं. बाहेरच्या जगाला याची पहिली बातमी देणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे आई. मागच्या आठवड्याची सोनोग्राफी मागच्या आठवड्याचं सांगते, आजचं नाही.

उलटंही विचारलं जातं: बाळ फार हलतंय, काही वाईट तर नाही? रोज खेळकर असणारं बाळ ही चांगलीच गोष्ट आहे. एका लयीत बारीक ठोके जाणवतात त्या बऱ्याचदा बाळाच्या उचक्या असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पण कधी नव्हे ते एकदम जोरजोरात झटके दिल्यासारखं झालं आणि मग बाळ शांत झालं, तर तेही दाखवायलाच हवं.

आता करायचं काय? २८ आठवडे उलटलेत आणि हालचाल कमी वाटते की आपलाच भास आहे हे कळत नाही, तर सगळी कामं टाकून डाव्या कुशीवर पडा आणि फक्त बाळाकडे लक्ष द्या. दोन तासांत वेगवेगळ्या १० हालचालीही जाणवल्या नाहीत, तर त्याच वेळी, रात्र असो की सण, दवाखाना गाठा. हालचाल थांबल्यासारखीच वाटत असेल, तर हे दोन तासही थांबू नका. सोबत पाणी जातंय, रक्त जातंय, डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तरीही तसंच. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ठोके ऐकायच्या मशीनवर भरवसा ठेवू नका. त्यात आईचेच ठोके ऐकू येऊन घरच्यांचं खोटं समाधान होऊ शकतं.

इथवरचं घरातलं झालं. पण फक्त बायकांना "जागरूक राहा" सांगून हात झटकणं मला पटत नाही. जागरूक राहून ती जाणार कुठे?

सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीच्या तक्त्यात बाळाच्या हालचालीसाठी रकाना आहे. तो तिला विचारून भरला जातो का? की वजन, बीपी, हिमोग्लोबिनच्या ओघात तिथेही 'ठीक'ची खूण होते? तुमच्या घरात कार्ड असेल, तर आज काढून बघा.

दुसरी अडचण आपल्या रीतीतली. पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या गावात झाल्या, आशाताई तिथली ओळखीची, डॉक्टर तिथले. डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी येते आणि नेमक्या शेवटच्या, जपायच्या महिन्यांत ती दोन्हीकडच्या यादीतून निसटते. रात्री अकराला फोन कोणाला करायचा हे तिला ठाऊक नसतं.

तिसरी अडचण ऊसतोडीची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिने एक दिवस दवाखान्यात घालवला तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पहाटे उठून मोळ्या वाहणाऱ्या बाईला "डाव्या कुशीवर दोन तास पडून राहा" हे सांगणं म्हणजे थट्टाच. तिच्यासाठी फडावर आणि कारखान्याच्या पातळीवर सोय करावी लागेल. सल्ल्याने तिचं काही भागणार नाही.

यावर काही डॉक्टर मित्र म्हणतात, असं लिहिलं की बायका घाबरून गर्दी करतील आणि सिझेरियन वाढतील. हा आक्षेप खोटा नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ३३ रुग्णालयांत, ४ लाखांहून जास्त गर्भारपणांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. बायकांना जागरूक करून आणि दवाखान्यांना तपासणीची ठरलेली पद्धत देऊनही मृत बाळांचं प्रमाण नक्की घटलं असं त्यात दिसलं नाही. कळा आणवणं आणि सिझेरियन मात्र वाढलं. म्हणजे जागरूकता ही जादूची कांडी नाही. पण यातून "गप्प बसा" असा अर्थ काढायचा नसतो. आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, रात्री तपासायला कोणी भेटतं का हाच. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते की एकदाच हालचाल कमी जाणवलेल्या सुमारे ७० टक्के गर्भारपणांत पुढे काही गुंतागुंत होत नाही. म्हणजे बहुतेक जणी तपासून, ठोके ऐकून, हसत घरी परततील. ती फेरी वाया गेली असं कोणी म्हणू नये.

आणखी एक. ज्यांच्या वाट्याला हे दुःख आलंय, त्या आयांनी हे वाचून स्वतःला दोष देऊ नये. सगळीच बाळं वाचवता येत नाहीत. कधी काहीच खूण मिळत नाही. आणि जिथे खूण मिळाली, तिने सांगितलं आणि ऐकलं गेलं नाही, तिथे जाब तिला विचारायचा नसतो.

देशाने २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृतजन्माचं प्रमाण दर हजारी १० च्या खाली आणायचं ठरवलंय. २०३० काही लांब नाही. म्हणून आपल्या तालुक्यापुरत्या माझ्या चार मागण्या:

१. ग्रामीण रुग्णालयात "बाळाची हालचाल कमी" ही तक्रार २४ तास, केसपेपरच्या रांगेशिवाय बघितली जावी. एनएसटीचं मशीन चालू हवं आणि ते वाचता येणारं माणूस ड्युटीवर हवं.

२. प्रत्येक उपकेंद्रात ठोके ऐकायचं डॉपलर हवं, बॅटरीसकट. आणि ठोके लागले तरी "जा घरी" असं न म्हणता पुढच्या तपासणीला पाठवावं.

३. माहेरी आलेल्या गरोदर मुलीची नोंद आठवडाभरात इथल्या आशाताईंकडे व्हावी आणि आशाताईंचं मानधन वेळेवर मिळावं.

४. अशा वेळी आलेल्या बाईवर कोणी खेकसू नये. "उगाच घाबरतेस" हे एकदा ऐकलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात तपासणी, बाळंतपण, सिझेरियन आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर चुलीपाशी भिंतीवर लिहून ठेवा. येत्या ग्रामसभेत रस्ते-गटारांच्या सोबत हाही प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता आमची लेक तिथे पोचली, तर दार कोण उघडणार?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये बोला, पण घरातली पोरगी काही सांगत असेल तर आधी तिचं ऐका.