आधी काम ठरवा, मग कुत्रं आणा

मोबाइलवर एक रील येते. मोकळं रान, जीव तोडून पळणारा ससा आणि मागे बाणासारखं सुटलेलं लांब तोंडाचं, बारीक कमरेचं कुत्रं. खाली कमेंट ठरलेली: 'भाऊ, पिल्लू भेटेल का?' कोणाला कारवान हवं असतं, कोणाला ग्रेहाऊंड. हल्ली तर थेट 'क्रॉस'चीच विचारणा होते. मित्रांनो, क्रॉस हवा, ठीक आहे. पण कशासाठी?

हा प्रश्न इंग्लंड-आयर्लंडमधल्या गावकऱ्यांनी फार पूर्वी स्वतःला विचारला होता. ग्रेहाऊंड हे वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं कुत्रं. ताशी ६० किलोमीटरच्याही पुढे पळतं. पण हा वेग थोड्या अंतरापुरता. कातडी पातळ, काट्याकुट्यात लगेच फाटते. आणि एकदा शिकार दिसली की मालकाची हाक कोण ऐकतो! म्हणून लोकांनी त्याचा संकर मेंढपाळाच्या कोलीशी केला. कोलीकडून डोकं आलं, ऐकण्याची सवय आली, दमही आला. काहींनी टेरियर घेतला, त्याच्याकडून चिवटपणा आणि धीटपणा आला. अशा संकरित कुत्र्याला तिकडे 'लर्चर' म्हणतात. ती जात नाही, ते एक काम आहे: घरच्या हंडीसाठी गुपचूप ससा आणणं. म्हणून दिसण्याला किंमत नव्हती, कामाला होती.

यातली खरी गोम वर्ध्याच्या कापूसवाल्या घरातल्या पोरांना लवकर कळेल. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे कापसाचं पहिलं व्यापारी संकरित वाण आलं. तेव्हापासून आपल्या बापजाद्यांना एक धडा पाठ आहे. संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर एक झाड उंच, एक खुजं, बोंडं कुठे आहेत, कुठे नाहीत. पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत विस्कटतो. कुत्र्यांचंही तसंच. ग्रेहाऊंड आणि कोलीची पहिली पिल्लं बरीच सारखी निघतात. त्या पिल्लांची आपसात जोडी लावली की एकात वेग येतो, डोकं येत नाही. दुसऱ्यात नेमकं उलटं. म्हणून जाणकार पुन्हा मूळ जातींकडे जातात, किंवा संकरित मादीला परत ग्रेहाऊंडच दाखवतात. थोडक्यात, चांगल्या संकराला चांगले आणि शुद्ध आईबाप लागतात. ते टिकले नाहीत, तर क्रॉसही टिकत नाही.

आपल्याकडचं चित्र काय? मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातल्या लोकांनी कारवान पिढ्यान्‌पिढ्या जपलं. इथल्या उन्हात, इथल्या माळावर, भाकरी-दुधावर. त्याच घराण्यातलं मुधोळ हाऊंड २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकलं, पुढे लष्करानेही ते चाचणीसाठी घेतलं. कोलीचा संकर करून इंग्रजांनी जो काटकपणा मिळवला, त्यातला बराचसा या कुत्र्यात आधीपासूनच आहे. आता रीलच्या नादात कोणी त्याला ग्रेहाऊंड लावतो, कोणी आणखी काही. बाजारात पिल्लू खपतं, पण मूळ रेषा पुसट होते.

आता हिंगणीकडे या. इथून बोर धरणाचा रस्ता धरला की लगेच जंगल लागतं. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होतं. अशा चिमुकल्या जंगलाच्या काठावर शिकारी कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे काय, याचा विचार करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. ससा लहान म्हणून कायदा लहान होत नाही. लर्चरच्या मायदेशी, इंग्लंडमध्येही, कुत्र्यांकरवी सशांचा पाठलाग २००४ च्या कायद्याने बंद झाला. शिवाय रोगाचं काय? २०१८ मध्ये गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो.

'मग आम्ही कुत्रं पाळूच नये का?' जरूर पाळा. पण आधी काम ठरवा. आपल्या भागातलं खरं काम आहे जागलीचं. रात्री रानडुक्कर येतं, रोह्यांचा कळप येतो आणि हरभरा, तूर सपाट होते. या कामाला कसं कुत्रं हवं? धुऱ्यावरच थांबणारं, खुट्ट झालं की भुंकणारं, मालकाजवळ परत येणारं. नजरेवर धावणारं कुत्रं याच्या अगदी उलट. ते भुंकत बसणार नाही, रोह्यामागे सुसाट निघेल आणि जंगलात शिरेल. तिथे बिबट आहे, वाघ आहे. सकाळी फक्त पट्टा सापडायचा.

जागलीसाठी आपलं गावठी कुत्रं पुरेसं आहे. ते कोणी रीलमध्ये दाखवत नाही, त्याला दहा-वीस हजार मोजावे लागत नाहीत. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर द्या, नको असलेली पिल्लावळ होऊ देऊ नका, रात्री जंगलाकडे भटकू देऊ नका. एवढं केलं तरी खूप. आणि कारवानचं खरंच वेड असेल, तर शुद्ध जोडी जपणाऱ्याकडून घ्या, रोज त्याला पळवायला कुंपणाचं मैदान आहे का ते बघा. नसेल, तर मोह आवरा.

लर्चर घडवणाऱ्यांची शिकार आपण घेऊ नये, त्यांची अक्कल मात्र जरूर घ्यावी. त्यांनी कुत्रं बघून काम शोधलं नाही. काम बघून कुत्रं घडवलं. पुढच्या वेळी 'पिल्लू भेटेल का?' टाइप करण्याआधी बाबांना एकदा विचारा, 'शेतावर रात्री नेमकं काय येतं?'