चिनी भाषेला ‘हो’ नाही?

‘चिनी भाषेत होकारासाठी शब्दच नाही’ हे विधान आपल्याकडील प्राध्यापकमंडळीही एखादे गूढ उकलल्याच्या थाटात करतात. पाठोपाठ चिनी मनाच्या संदिग्धतेविषयी दोन वाक्ये येतात. मूळ तक्रार इंग्रजीची. आपण ती न तपासता उसनी घेतली. (अभिजात लॅटिनमध्येही सरसकट चालणारा असा एक शब्द नव्हता, रोमन मनाच्या संदिग्धतेवर कोणी व्याख्यान दिल्याचे ऐकिवात नाही.)

चिनी प्रमाणभाषेत ‘नी छ्यू मा?’ म्हणजे ‘तू जाणार का?’ याला ‘छ्यू’ एवढे उत्तर पुरते. ‘जेवलास?’ला ‘जेवलो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल ते कसले? समोरच्याचे म्हणणे पटले की ‘दुइ’, म्हणजे बरोबर. बेत मान्य असला की ‘हाओ’, आपले ‘बरं’. आणि नुसती हरकत नसेल तर ‘शिंग’. या शब्दाचा जुना अर्थ चालणे. आपण काय म्हणतो? ‘चालेल’! इतके जवळचे घर सोडून आपण इंग्रजीच्या दारात ताटकळतो.

‘नी बू छ्यू मा?’ (तू जाणार नाहीस?) याचे उत्तर ‘दुइ, बू छ्यू’. ‘हो, नाही जात’ असे आपणही सहज बोलतो आणि इंग्रजीच्या वर्गात त्यासाठी बोलणी खातो.

उरला तो नाकातला ‘अं’. तो कधी होकार असतो, पण पुष्कळदा केवळ हुंकार. त्याला प्रत्येक वेळी संमती समजून पुढे चिनी माणसाने शब्द फिरवला म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. कहाणीला हुंकार देणारा श्रोता राजाच्या प्रत्येक कृत्याला मान्यता देत नसतो.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. चिनी कथा-कादंबऱ्या मराठीत बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने येतात, आणि त्या वाटेवर पहिला बळी जातो तो संवादाचा. दोन शेजारणी महागाईवर बोलत आहेत. एकीच्या तक्रारीवर दुसरी म्हणते, ‘ख बू शृ!’ रूप नकाराचे, अर्थ ठाम दुजोऱ्याचा. इंग्रजीतून तो उद्गार ‘होय, नक्कीच’ असा इस्त्री होऊन आला, तर ती शेजारीण एकदम सरकारी कारकून वाटू लागते. मराठीतली कोणतीही शेजारीण तिथे म्हणाली असती, ‘नाहीतर काय!’